उक्त्या कामाची फुरसत

न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा खामगावात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. देवाजवळ दिवा लागून गेलेला, कुकरच्या शिट्ट्या सुरू, दुकानं आवरायच्या बेतात. नेमक्या त्या वेळी काही घरांत लॅपटॉप उघडतो आणि कामाचा दिवस सुरू होतो. कुणी अमेरिकेतल्या दुकानदारासाठी मालाची वर्णनं लिहितं, कुणी व्हिडिओ कापतं-जोडतं, कुणी कानाला हेडफोन लावून ऐकलेलं टंकतं, तर कुणी यंत्राला शिकवण्यासाठी फोटोंवर चौकटी आखत बसतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका आपली घड्याळं तासभर पुढे सरकवते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेते. त्या मधल्या काळात साडेसातचं काम साडेसहावर येतं. खामगावच्या स्वयंपाकघरातलं रात्रीच्या जेवणाचं वेळापत्रक असं वर्षातून दोनदा तिकडे ठरतं.

दूरच्या बाजाराच्या तालावर जगणं या गावाला नवं नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीवर खिळली. 1870 मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत जेमतेम तेरा किलोमीटरचा रेल्वेचा फाटा टाकला गेला, आणि एवढ्याशा फाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. कापसाच्या जागतिक इतिहासावर लिहिणारे स्वेन बेकर्ट यांच्या ग्रंथात खामगावचं नाव येतं ते याच कारणाने. त्याच वर्षी समुद्राखालची तार मुंबईला पोचली. लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडात काही तासांत कळू लागला आणि खामगावच्या बाजारातला सौदा तिकडच्या पेठेकडे बघून होऊ लागला. आज रजतनगरी म्हणून ओळखलं जाणारं हे गाव तेव्हा कापसाची एक मोठी पेठ होतं.

आताचा माल दिसत नाही, एवढाच फरक. गिग काम म्हणजे आपल्या जुन्या भाषेत उक्तं काम. महिन्याचा पगार नाही, रोजंदारी नाही, नगाप्रमाणे किंवा कामाप्रमाणे पैसे. हे काम दोन जातींचं आहे. एक रस्त्यावरचं, म्हणजे जेवणाचे डबे पोचवणं, गाडी चालवणं. दुसरं पडद्यावरचं, ज्यात गिऱ्हाईक कुठल्याही देशात असू शकतं. नीती आयोगाच्या जून 2022 च्या अहवालानुसार 2020-21 मध्ये भारतात दोन्ही मिळून 77 लाख गिग कामगार होते आणि 2029-30 पर्यंत ते 2 कोटी 35 लाखांवर जातील. निव्वळ ऑनलाइन कामाचा अंदाज जागतिक बँकेने 2023 मध्ये मांडला. जगभरात 15 कोटी 40 लाख ते 43 कोटी 50 लाख. एवढं मोठं अंतर ठेवावं लागलं, कारण हे लोक कुठल्याच हजेरीपटावर नसतात. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट खामगावकरांच्या जास्त जवळची आहे. ऑनलाइन गिग कामगारांपैकी दहातले सहा जण लहान शहरांत राहतात.

या कामाची जाहिरात एका शब्दावर चालते, तो म्हणजे मोकळीक. केव्हाही उठा, केव्हाही बसा, वरिष्ठ नाही, रजेचा अर्ज नाही. हे खोटं नाही. दुपारी बारा वाजता आईला दवाखान्यात न्यायचं असेल तर नोकरीवाल्याला तोंड वेंगाडावं लागतं, याला लागत नाही. पुणे-मुंबईचं घरभाडं वाचतं, लोकलचे तास वाचतात, घरचं जेवण मिळतं. मग फुरसत भरपूर असायला हवी. तरीही ऑनलाइन काम करणाऱ्या दहा जणांना विचारा, आठ तरी सांगतील की सुट्टी अशी नसतेच.

ऑक्सफर्डच्या अॅलेक्स वुड, मार्क ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी आग्नेय आशिया आणि आफ्रिकेतल्या सहा देशांमधल्या अशा कामगारांशी बोलून केलेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं ते असं: या लोकांना काम कसं करायचं याचं स्वातंत्र्य खरोखर आहे, पण त्याच हातात एकटेपणा, अवेळी काम, अपुरी झोप आणि थकवाही आहे. स्वातंत्र्य आणि थकवा एकाच घरात कसे नांदतात? बहुतेक लेख इथे वेळेच्या शिस्तीवर प्रवचन देतात. मला वाटतं खरं कारण वेगळं आहे. ही फुरसत खातं ते काम नाही, कामाची वाट पाहणं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2015 आणि 2017 मध्ये 75 देशांतल्या सुमारे 3,500 ऑनलाइन कामगारांची पाहणी केली. पैसे मिळणाऱ्या प्रत्येक तासामागे सरासरी 20 मिनिटं बिनपैशाची जातात, असं तीत आढळलं. काम शोधण्यात, पात्रता-चाचण्या देण्यात, गिऱ्हाइकाशी बोलण्यात, नाकारलेल्या कामाची दाद मागण्यात. म्हणजे सहा तासांची मजुरी हवी असेल तर आठ तास बसायचं. अॅमेझॉनच्या 'मेकॅनिकल टर्क' या, 2005 पासून चालू असलेल्या फुटकळ कामांच्या बाजाराचा हिशेब तर आणखी बोलका आहे. कोटारो हारा आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 2,676 कामगारांनी केलेली 38 लाख कामं तपासली. मधला कामगार तासाला सुमारे दोन डॉलर मिळवत होता. शोधाशोध, अर्धवट सोडावी लागलेली आणि नाकारली गेलेली कामं जमेस धरल्यावर हा आकडा इतका खाली येतो.

हे एका उदाहरणात मांडून पाहू. समजा एका लेखाचे 20 डॉलर ठरले. फायव्हरसारखा प्लॅटफॉर्म 20 टक्के कापतो, उरले 16. लिहायला चार तास लागले, म्हणजे वरकरणी तासाला चार डॉलर. पण गिऱ्हाइकाशी आधीचं बोलणं एक तास, दोनदा केलेली दुरुस्ती दीड तास, आणि हे काम मिळण्याआधी पाठवून वाया गेलेल्या पाच-सहा प्रस्तावांचा दीड तास. झाले आठ तास. चार डॉलरचे दोन झाले. त्यातून डॉलर-रुपयाच्या बदलातली घट आणि इंटरनेटचं बिल वेगळंच. अपवर्कवर तर प्रस्ताव पाठवायलाच पैशाचे 'कनेक्ट' लागतात. मजूर अड्ड्यावर उभं राहायचं भाडंही मजुरानेच भरायचं.

या वाट पाहण्याचं वैशिष्ट्य असं की ती धड कामात मोडत नाही, धड विश्रांतीत नाही. फोन उशाशी असतो. रात्री अडीचला निरोपाचा टिंग वाजतो. फायव्हरवर पहिल्या निरोपाला 24 तासांत उत्तर गेलं की नाही याची नोंद होते आणि ती नोंद विक्रेत्याच्या दर्जाला चिकटते. पण 24 तासांची मुभा कागदावरची. गिऱ्हाइकाने एकाच वेळी पाच जणांना विचारलेलं असतं, आणि तो बहुधा पहिल्या उत्तराकडे वळतो. तासाप्रमाणे पैसे देणाऱ्या अपवर्कच्या कामात यंत्र दर दहा मिनिटांच्या टप्प्यात पडद्याचा एक फोटो घेतं. मुकादमाची नजर तरी अधूनमधून दुसरीकडे जायची. त्यात गिऱ्हाइकाने दिलेले तारे कमी पडले तर पुढचं काम मिळत नाही, म्हणून लग्नाच्या मांडवातसुद्धा माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून "येस सर, विल डू" लिहीत असतो. त्याचा वेळ कुणी हिसकावत नाही, तोच देऊन टाकतो. यंत्रणा इतकी चोख आहे.

काम येण्याची अनिश्चितता हे दुसरं कारण. एका आठवड्यात तीन ऑर्डरी, पुढचे तीन आठवडे कोरडे. त्यामुळे आलेल्या कामाला नाही म्हणायची हिंमत होत नाही. कॉलिन कॅमेरर आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांबद्दल एक मजेदार निष्कर्ष मांडला होता: अनेक चालक दिवसाची एक ठराविक रक्कम डोक्यात धरतात, ती लवकर जमली की घरी जातात आणि धंदा मंद असला की उशिरापर्यंत फिरत राहतात. अर्थशास्त्राच्या हिशेबाने हे उलटं आहे. चांगल्या दिवशी जास्त कमवून वाईट दिवशी झोपावं. हेन्री फार्बर यांनी पुढे मोठी आकडेवारी घेऊन हा निष्कर्ष बराचसा खोडून काढला, तो वाद वेगळा. पण ऑनलाइन कामगाराला हे दोन्ही मार्ग नीट मिळत नाहीत. टॅक्सीवाला गाडी लावून घरी गेला की त्याचा दिवस संपतो. याचा दिवस निरोपाच्या पेटीत उघडाच राहतो.

घरात बसून काम करणाऱ्या बाईची गोष्ट अजून निराळी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या 15 ते 59 वयाच्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 305 मिनिटं घालवतात. 2019 मध्ये ही मिनिटं 315 होती. पाच वर्षांत दहा मिनिटं वाचली, तेही नसे थोडके! पाच तास घरात गेल्यावर उक्त्या कामाचे तास उरतात ते मुलं झोपल्यावरचे, म्हणजे अमेरिकेच्या घड्याळात चपखल बसणारे. म्हणून हे काम बायकांसाठी 'सोयीचं' म्हणतात. सोय कुणाची, हे ज्याने त्याने ठरवावं. दुपारी पाहुणे आले की "तू घरीच तर असतेस, चहा टाक" हे ठरलेलं. पुरुषाच्या वाट्याला दुसरी टीका येते. रात्री तीनपर्यंत बसलेला मुलगा सकाळी दहापर्यंत झोपला की शेजारी म्हणतात, शिकून बसला घरी. मुलगी बघायला गेलं तर मुलीचे वडील विचारतात, नोकरी कुठे? लॅपटॉपवर, असं उत्तर अजून कुठल्याही बैठकीत चाललेलं नाही.

आता फुरसतीची दुसरी बाजू. फुरसत म्हणजे रिकामे तास, अशी आपली समजूत असते, पण ते तास कुणाबरोबरचे आहेत यावर बरंच अवलंबून असतं. सोव्हिएत रशियाने 1929 मध्ये कारखाने अखंड चालावेत म्हणून सात दिवसांचा आठवडाच मोडला. कामगारांचे पाच गट केले, प्रत्येक गटाला रंग दिला आणि पाच दिवसांतून एक सुट्टी, पण प्रत्येक गटाची वेगळ्या दिवशी. हिशेबाने सुट्ट्या वाढल्या होत्या. तरी लोक चिडले, कारण नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या, मुलांची तिसऱ्या. 1931 मध्येच ही पद्धत गुंडाळायला सुरुवात झाली आणि 1940 मध्ये जुना आठवडा परत आला. अमेरिकेत क्रिस्टोबल यंग आणि चेयून लिम यांनी 2014 मध्ये दाखवलं की बेरोजगार माणसांनाही शनिवार-रविवारी बरं वाटतं, जवळजवळ नोकरीवाल्यांइतकंच. त्यांना तर सातही दिवस मोकळेच. पण सोबत्यांची सुट्टी असल्याशिवाय त्यांची मोकळीक कामाची नसते.

खामगावच्या ऑनलाइन कामगाराला दुपारची मोकळी वेळ मिळते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना त्या वेळेचं करायचं काय? झोप, नाहीतर मोबाइल. मित्र भेटतात, कट्टा भरतो तो संध्याकाळी, आणि संध्याकाळ तर परदेशी गिऱ्हाइकाने घेतलेली. कोजागिरीला इथल्या जगदंबेचा उत्सव सुरू होतो, सगळीकडची नवरात्रं उठल्यानंतरचा. त्याच्या रात्रीही ऐन कामाच्या तासांत येतात. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना शेवटचा मुक्काम खामगावात करते आणि दुसऱ्या दिवशी हजारो माणसं तिच्याबरोबर शेगावपर्यंत पायी जातात. हा दिवस पुढे ढकलता येत नाही, कुणाच्या परवानगीचीही गरज पडत नाही, कारण त्या दिवशी सगळं गावच रस्त्यावर असतं. अशी गावाने ठरवलेली सुट्टी एकट्याने ठरवलेल्या सुट्टीपेक्षा टिकाऊ असते. ज्यांना ऑनलाइन कामातून सुट्टी काढणं जमत नाही त्यांनी अशा दिवसांपासून सुरुवात करावी. चार दिवस आधी गिऱ्हाइकांना कळवलं तर बहुतेक जण समजून घेतात. परदेशी माणसाला धार्मिक सुट्टी कळते, 'जरा कंटाळा आला' कळत नाही.

काही गोष्टी मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहेत, आणि त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे गिऱ्हाईक घड्याळ बघून निवडणं. लंडनची सकाळी नऊची वेळ हिवाळ्यात आपल्याकडे दुपारी अडीचला येते, जर्मनीची दीडला. दुबई आपल्या फक्त दीड तास मागे. सिडनीतली कचेरी पाचला बंद होते तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात, म्हणजे पहाटे उठणाऱ्याला दुपारनंतरचा दिवस रिकामा. अमेरिकेत काम जास्त, म्हणून सगळे तिकडेच धावतात, पण संध्याकाळची किंमत लावली तर युरोपचं थोडं कमी पैशाचं काम परवडतं. दुसरं, वाट पाहण्याचे तास वहीत लिहायचे. महिनाभर लिहिलं की आपला खरा ताशी दर कळतो, आणि कुठल्या गिऱ्हाइकाला सोडायचं हेही कळतं. नव्याने सुरू करणाऱ्याला हे चोचले परवडत नाहीत, हे मान्य. पहिले काही महिने येईल ते घ्यावं लागतं. पण अनेकांचे हे पहिले काही महिने चार वर्षं चालतात, आणि त्याची किंमत शरीर मोजतं. जागतिक आरोग्य संघटना आणि श्रम संघटना यांच्या 2021 च्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्के जास्त असतो.

एकट्याच्या शिस्तीने हे सुटेल असं मानणं भाबडेपणाचं आहे, आणि याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. भारतातला पहिला कारखाना कायदा 1881 चा. तो लागू होता शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या आणि वर्षात चार महिन्यांहून जास्त चालणाऱ्या कारखान्यांना. सरकी वेगळी करणारी कापसाची जिनं हंगामी. एका व्याख्येने ती कायद्याबाहेर गेली. 1884-85 च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे शेजारच्या खानदेशातल्या जिनिंग-प्रेसिंगबद्दल साक्ष झाली ती अशी, की यंत्रं पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत चालतात आणि ऐन हंगामात रात्रंदिवस. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले, त्यात स्त्रियांनीही भाषणं केली आणि 10 जून 1890 पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण जो रविवार सहज घेतो तो असा मिळवलेला आहे. हंगामी जिनांना कायद्याच्या कक्षेत यायला मात्र 1911 उजाडलं, आणि बारमाही कारखान्यांना आठवड्याला 48 तासांची मर्यादा आली 1946 मध्ये.

गिग कामगार आज जिनाच्या मजुराच्या जागी आहे. त्याला कामगार म्हणत नाहीत, भागीदार म्हणतात, किंवा स्वतंत्र व्यावसायिक. सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये मंजूर झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिने 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' यांना पहिल्यांदा देशाच्या कायद्यात नाव दिलं. प्लॅटफॉर्म चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत. संहितेच्या सातव्या परिशिष्टात व्यावसायिक सेवा आणि मजकूर-माध्यम सेवा यांचाही उल्लेख आहे, म्हणजे पडद्यावरचं कामही कागदोपत्री त्यात बसतं. परदेशात नोंदलेल्या प्लॅटफॉर्मकडून हा पैसा कसा वसूल होणार, हा प्रश्न उरतोच.

खामगावात बसून असं काम करणाऱ्या प्रत्येकाने ई-श्रम पोर्टलवर आधारच्या आधारे आपली नोंदणी करून घ्यावी. तिला पैसे लागत नाहीत, आणि आपण नेमके किती आहोत हे सरकारला कळण्याचा तो एक सरळ मार्ग आहे. फक्त एवढं ध्यानात ठेवावं, की या संहितेत गिग कामगारासाठी विमा आहे, अपघात आहे, प्रसूती आहे, म्हातारपण आहे. दिवसाचे तास किती आणि सुट्टी कधी, याबद्दल एक अक्षर नाही.